नाणी खिशातच राहू द्या : यिजिंग तत्त्वज्ञान म्हणून कसा वाचायचा

यिजिंग हा मुळात कौल लावायचा ग्रंथ आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं कुणीतरी फसवलं म्हणायचं. चीनमध्ये चौ राजांच्या काळात, इसवी सनापूर्वी नवव्या शतकाच्या आसपास त्याचा गाभा तयार झाला. लढाईला निघावं का, मुलगी द्यावी का, राजधानी हलवावी का, असं विचारायचं आणि काड्या मोजून उत्तर काढायचं. आपल्याकडं गावदेवळात गुरव देवाच्या अंगाला कळ्या लावतो, उजवी पडली की होकार धरतात. त्याच जातीचं काम. फरक एवढाच, की कळी हो किंवा नाही सांगून मोकळी होते. यिजिंग पुढ्यात एक चित्र ठेवतो आणि त्या चित्रात आपण नेमके कुठं उभे आहोत ते आपल्यालाच शोधायला लावतो. मला या ग्रंथात रस आहे तो एवढ्याच शोधापुरता.

मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरी सगळी बंधाऱ्यांचे बरगे, उपसाबंदीचे आदेश आणि पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणं यांत गेली. चिनी भाषा येत नाही, तत्त्वज्ञानाची पदवी नाही. पुढं जी पद्धत सांगतोय ती अशाच माणसासाठी आहे: थोडंफार इंग्रजी वाचता येतं, एक शंभर पानी वही आहे, आणि सकाळी चहानंतर अर्धा तास कुणी हाका मारत नाही.

पुस्तक कुठलं घ्यायचं

दोन घ्या. एकावरच विसंबलात तर भाषांतरकार कुठं बोलतोय आणि ग्रंथ कुठं बोलतोय हे कळायचं नाही. जेम्स लेग यांचं 1882 चं इंग्रजी भाषांतर जुनं, कोरडं, जरा मास्तरकी करणारं आहे. पण हक्क कधीच संपल्यामुळं ते फुकट मिळतं, आणि मूळ वचनं एकीकडं, नंतरची टीका दुसरीकडं, अशी वाटणी त्यांनी नीट केली आहे. नवशिक्याला याचा फार उपयोग होतो. दुसरं रिचर्ड विल्हेल्म यांचं. हे मिशनरी म्हणून चीनला गेले आणि तिथल्या लाओ नाइश्वान नावाच्या जुन्या वळणाच्या पंडिताजवळ बसून हा ग्रंथ शिकले. त्यांचं जर्मन भाषांतर 1924 साली आलं, केरी बेन्स यांनी त्याचं इंग्रजी केलं ते 1950 मध्ये. भाषा रसाळ आहे. रचना मात्र अशी, की एका आकृतीसाठी (आकृती म्हणजे एकावर एक सहा रेघांचं चित्र, कौलात येतं ते) पहिल्या भागात एकदा आणि तिसऱ्या भागात पुन्हा जावं लागतं. दोन बुकमार्क ठेवा. त्याला कार्ल युंग यांची प्रस्तावना आहे, ती शेवटी वाचा. आधी वाचलीत तर सगळा ग्रंथ मनोविश्लेषणाचाच वाटायला लागतो. गोडी टिकली तर वर्षभरानं रिचर्ड जॉन लिन यांचं 1994 चं भाषांतर घ्या, त्यात वांग बी या टीकाकाराची टीका सबंध आहे.

आता वही. निळ्या शाईनं मूळ वचनं उतरवायची: 64 आकृत्यांची 64, आणि त्यांतल्या रेघांची 384. एकदम सगळी नाही, जी आकृती वाचताय तिची. लाल शाईनं ‘दहा पंख’ या नावानं ओळखली जाणारी टीका. परंपरा ही टीका कन्फ्यूशियसच्या नावावर घालते, आजचे अभ्यासक ती त्याच्यानंतरच्या अनेकांनी लिहिली असं मानतात. स्वतःचं मत शिसपेनीनं, कारण ते पुढच्या महिन्यात खोडायला लागतं.

हे तीन रंग म्हणजे हौस नाही. पंधरा दिवस असं लिहिलंत की एक गोष्ट आपोआप दिसते. निळ्या शाईत उपदेश जवळजवळ नाहीच. तिथं कोल्ह्याची शेपटी नदीत भिजते, गाडीच्या आऱ्या निसटतात, विहिरीत चिखल साचतो. यिन आणि यांग, म्हणजे सावली आणि ऊन, ही जी जोडी टी-शर्टवरसुद्धा आली आहे, तीसुद्धा निळ्या शाईत सापडत नाही. ती लाल शाईची देणगी. इसवी सनापूर्वी 136 मध्ये हान सम्राट वू यानं पाच ग्रंथांना राजमान्यता दिली, त्यात यिजिंग होता; तोवर ही लाल टीका त्याला कायमची चिकटलेली होती. म्हणजे तत्त्वज्ञान काही ग्रंथात आयतं ठेवलेलं नव्हतं. कौलाच्या उत्तरांशी झटत झटत पिढ्यान्‌पिढ्या वाचकांनी ते उभं केलं.

आधी हातानं काढा

छापील आकृतीकडं नुसतं बघू नका, काढा. खालून वर सहा रेघा. अखंड रेघ यांग, मधे तुटलेली यिन. खालून सुरुवात करायची, कारण पहिली रेघ म्हणजे प्रकरणाची सुरुवात आणि सहावी म्हणजे ते हाताबाहेर जायची वेळ. तीन-तीन रेघांच्या अर्ध्या आकृत्या आठ: आकाश, पृथ्वी, मेघगर्जना, पाणी, डोंगर, वारा, अग्नी आणि तळं. एकीवर एक ठेवली की 64. या आठ पाठ करा, बाकी काही पाठ करायची गरज नाही.

मग वचन झाकून ठेवा आणि नुसत्या चित्रावरून अंदाज बांधा. अकरावी आकृती घ्या. पृथ्वी वर, आकाश खाली. कुणालाही वाटेल, जग उलटं झालं, वाईट असणार. वचन वाचा: ही शांतीची, भरभराटीची आकृती आहे. बारावीत आकाश वर आणि पृथ्वी खाली, सगळं जागच्या जागी, आणि ती कोंडीची. कारण आकाशाचा ओढा वर, पृथ्वीचा खाली. अकरावीत ते एकमेकांकडं येतात, बारावीत एकमेकांपासून लांब जातात. जागच्या जागी असणं आणि एकमेकांच्या उपयोगी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या ग्रंथानं चार रेघांच्या खेळात सांगून टाकलं, असं मी शिसपेनीनं लिहिलं होतं. नंतर मोजलं तर रेघा सहाच्या सहा बदलतात, म्हणून ‘चार’ खोडलं.

रेघांच्या जागांचे नियम थोडेच आहेत. 1, 3, 5 या यांगच्या जागा, 2, 4, 6 यिनच्या. आपल्या जागी बसलेली रेघ बरोबर धरतात. 2 आणि 5 या मधल्या, म्हणून भल्या. पहिलीची जोडीदार चौथी, दुसरीची पाचवी, तिसरीची सहावी. जोडीत एक अखंड आणि एक तुटक असेल तर त्यांचं पटतं. लाल टीकेत असंही म्हटलंय, की दुसऱ्या जागेला बहुतेक वेळा कौतुक मिळतं, तिसऱ्या जागेला संकट, चौथीला धास्ती आणि पाचवीला यश. पाचवी राजाची जागा आणि चौथी त्याच्या लगतची. सरकारी नोकरी केलेल्याला हे फोडून सांगायला नको: चौथी रेघ म्हणजे साहेबांच्या केबिनला लागून असलेलं टेबल.

या नियमांच्या मात्र प्रेमात पडू नका. 63 व्या आकृतीत सहाही रेघा अगदी नियमाप्रमाणे आपापल्या जागी आहेत, आणि तिचं वचन म्हणतं, सुरुवात चांगली, शेवटी गोंधळ. 64 व्या आकृतीत एकही रेघ आपल्या जागी नाही, आणि तिथं वचनात यश आहे. फक्त तो कोल्हा नदी जवळजवळ ओलांडत आला असताना शेपूट भिजवून घेतो. ग्रंथ या आकृतीवर संपतो, म्हणजे काम पुरं व्हायच्या आधीच्या अवस्थेवर. ज्यांना नियमांनी उत्तर काढायचं आहे त्यांची इथं पंचाईत होते. ज्यांना विचार करायचा आहे त्यांनी या दोन पानांवर खुशाल आठवडा घालवावा.

राणीची गोष्ट, आणि ‘अट’ नावाचा रकाना

कौलाचा ग्रंथ तत्त्वज्ञानाचा कसा झाला, हे एका बाईच्या गोष्टीत सगळ्यांत स्वच्छ दिसतं. त्झो चुआन या जुन्या चिनी इतिहासग्रंथात ती आहे. लू राज्यातली मू च्यांग ही राजमाता. तिनं प्रियकराच्या साथीनं कट केला, कट फसला, आणि तिला पूर्वेकडच्या महालात नेऊन ठेवलं. तिथं जाताना कौल लावला गेला. 17 वी आकृती आली, मागोमाग जाण्याची. कौल बघणारा म्हणाला, शुभ आहे, बाईसाहेब लवकरच इथून बाहेर पडतील.

बाई म्हणाली, नाही. वचनात ‘दोष नाही’ असं म्हटलंय खरं, पण त्याआधी चार गुण सांगितलेत. ते अंगी असणाऱ्यालाच दोष नाही. मी राज्यात गोंधळ माजवला, राज्याला स्वास्थ्य दिलं नाही, स्वतःचं वाटोळं केलं, माझी जागा सोडून भलत्या नादाला लागले. चारांतला एक तरी गुण माझ्यात आहे का? मग हे वचन माझ्यासाठी कसं असेल? मी इथंच मरणार. आणि ती तिथंच वारली, इसवी सनापूर्वी 564 मध्ये.

कौल बघणारा चित्र आणि उत्तर एवढंच वाचत होता. राणीनं मधली अट वाचली. त्याच ग्रंथात पुढं, इसवी सनापूर्वी 530 मध्ये, नान क्वाय नावाचा कारभारी बंडाच्या तयारीत असताना कौल लावतो आणि ‘पिवळं वस्त्र, परम शुभ’ असं उत्तर येतं. तो खुशीत ते एका जाणत्याला दाखवतो, कशासाठी विचारलं ते सांगत नाही. जाणता म्हणतो, काम निष्ठेचं असेल तर ठीक, नसेल तर फसणार. वाकड्या कामासाठी हा कौल लागू होत नाही. बंड फसलं.

तुमच्या वहीत म्हणून प्रत्येक पानावर उजवीकडं एक रकाना आखा, त्याला ‘अट’ म्हणा. निळ्या वचनात शुभ, अशुभ, पश्चात्ताप, दोष नाही असं काहीही आलं, की त्या रकान्यात शिसपेनीनं लिहायचं: कुणासाठी? कोणत्या वेळी? काय केल्यावर? काही ठिकाणी अट वचनातच आहे, काही ठिकाणी लाल टीकेत, काही ठिकाणी रेघेच्या जागेवरून काढावी लागते. कुठंच सापडली नाही तर रकाना रिकामा ठेवा, जबरदस्तीनं भरू नका. माझा अभ्यास म्हणजे निम्म्याहून जास्त हा रकानाच आहे.

माझा भाचा एकदा वही बघून म्हणाला, “मामा, एवढं वाचताय तर माझ्या गाडीचं बघा की. लोन काढून नवी घेऊ का जुनीच रेटू?” मी त्याला प्रश्न कागदावर लिहायला लावला. त्यानं लिहिलं, ‘गाडी घेतली तर परवडेल का?’ म्हटलं, हे बँकेला विचार. मग बरीच खोडाखोड होऊन झालं, ‘पगार वाढायच्या आधी मोठा खर्च अंगावर घेताना मी कुठल्या पायरीवर आहे?’ तेवढ्यात त्याचं त्यालाच काहीतरी कळलं असावं, कारण आकृतीपर्यंत तो थांबलाच नाही. गाडी घेतली त्यानं. हप्ते वेळेवर जातात, असं ताई म्हणते.

प्रश्न असा फिरवून घेणं ही या अभ्यासातली मोठी कसरत आहे. ‘काय होईल’ हे ‘मी कुठं आहे आणि इथं काय शोभतं’ असं करायचं. कन्फ्यूशियसच्या संवादांत 32 व्या आकृतीतलं एक वचन येतं, ज्याचं चारित्र्य टिकून राहत नाही त्याच्या वाट्याला अपमान येतो, या अर्थाचं. ते सांगून तो एवढंच म्हणतो, की अशा माणसानं कौल लावायची गरजच नाही. पुढं श्वुनझी हा त्याच परंपरेतला विचारवंत तर सरळ सांगून टाकतो, की ज्याला हा ग्रंथ चांगला कळला तो कौल लावत नाही.

साठावी आकृती, सावकाश

नमुन्यादाखल एक आकृती पूर्ण करून दाखवतो. मी मुद्दाम 60 वी घेतली आहे, ती पाण्याची आहे. खाली तळं, वर पाणी. विषय मर्यादेचा, नियमनाचा. तळ्यात मावेल तेवढंच पाणी राहतं.

वचन: मर्यादेत यश आहे, पण कडू मर्यादा धरून ठेवता येत नाही. लाल टीका म्हणते, आकाश-पृथ्वीला मर्यादा आहे म्हणून चार ऋतू पुरे होतात; मोजमाप ठरवून नियमन केलं तर संपत्तीची हानी होत नाही आणि लोकांना जाच होत नाही. दुसरीकडं म्हणते, तळ्यावर पाणी बघून जाणत्यानं संख्या आणि मापं ठरवावीत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, उपसाबंदीच्या प्रत्येक आदेशाच्या माथ्यावर हे छापायला पाहिजे होतं. उन्हाळ्यात नदीतला उपसा किती दिवस बंद ठेवायचा, याचा हिशेब चुकून कडक झाला की काय होतं ते भोगावती काठच्या कुणालाही ठाऊक आहे: रात्री मोटारी सुरू होतात. कडू मर्यादा टिकत नाही.

आता रेघा. पहिली: घराच्या आतल्या अंगणाबाहेर पडत नाही, दोष नाही. दुसरी: वाड्याच्या दारातल्या अंगणाबाहेर पडत नाही, अशुभ.

इथं थांबा. कृती एकच आहे, घर न सोडणं. पहिल्या पायरीवर तिला दोष नाही आणि लगेच दुसरीवर ती अशुभ. ‘अट’ रकान्यात काय लिहायचं? आकृती बघा. पहिल्या रेघेच्या पुढ्यात अखंड रेघ आहे, वाट बंद. दुसरीच्या पुढ्यात तुटक रेघ, वाट मोकळी. पहिली यांगच्या जागेवर यांग, शिवाय चौथीशी पटतं. दुसरी यिनच्या जागेवर यांग, आणि पाचवीशी पटत नाही. लाल टीका पहिलीबद्दल म्हणते, वाट केव्हा मोकळी आणि केव्हा बंद हे तिला कळतं. दुसरीबद्दल म्हणते, वेळ पार चुकली.

कोल्हापूरकराला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 39 च्या आत घरात बसणं शहाणपणाचं आहे. उगीच पूर बघायला पुलावर गर्दी करणाऱ्यांपेक्षा घरात बसलेला बरा. 43 ओलांडल्यावर तेच बसून राहणं वेगळं होतं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतले माझे एक स्नेही 2019 च्या ऑगस्टमध्ये घर सोडायला तयार नव्हते. कारण 2005 च्या पुरात पाणी त्यांच्या उंबऱ्याला लागून परत गेलं होतं. तो उंबरा त्यांचं माप झाला होता. या वेळी पातळी 55 फुटांच्या वर गेली आणि त्यांना माडीवरून बोटीत उतरवावं लागलं. ते काही हट्टी गृहस्थ नाहीत, हिशेबी आहेत; त्यांचा हिशेब पहिल्या रेघेचा होता आणि पाणी दुसरीवर आलं होतं. मापं ठरवावीत असं जे टीका सांगते, त्यात माप कुठल्या वर्षीचं आहे ते तपासणंही आलं, असं मी शिसपेनीनं लिहून ठेवलंय.

याच पहिल्या रेघेवर दहा पंखांपैकी दुसऱ्या एका भागात अगदी वेगळं भाष्य आहे. तिथं म्हटलंय, गोंधळाची सुरुवात शब्दांपासून होते. राजा बोलण्यात जपला नाही तर मंत्री गमावतो, मंत्री जपला नाही तर जीव. म्हणजे घराबाहेर पडायचं नाही ते जिभेनं. दोन्ही वाचनं वहीत समोरासमोर लिहा आणि लगेच निवाडा करू नका.

बाकीच्या रेघा भरभर: तिसरी मर्यादा पाळत नाही आणि मग हळहळते, दोष दुसऱ्या कुणाचा नाही, असं टीका बजावते. चौथी निवांतपणे पाळते, यश. पाचवी गोड मर्यादा, शुभ. सहावी कडू मर्यादा, धरून बसलं तर अशुभ. पाचवी आणि सहावी शेजारी ठेवून बघा. पाचवी राजाची जागा आहे, आणि तिची गोडी म्हणजे नियम घालणारा स्वतःही तो पाळतो आहे, असं मला वाटतं. हे माझं मत, शिसपेनीचं.

काड्या एकदा तरी मोजा

वर म्हटलं नाणी खिशात ठेवा, ते खरंच. तीन नाणी सहा वेळा उडवायची पद्धत सोपी आहे, म्हणूनच तिनं वाचणं मागं पडतं आणि उडवणं पुढं येतं. पण कौलाची जुनी पद्धत एकदा हातानं करून बघितल्याशिवाय हा ग्रंथ कशासाठी रचला गेला ते अंगात भिनत नाही. जू शी (1130–1200) हा मोठा टीकाकार याच मताचा होता. सगळे विद्वान ग्रंथाचं नीतिशास्त्र करत असताना तो सांगत राहिला, की अरे, हे मुळात कौलासाठी आहे. माझं मत त्याच्या बाजूनं झुकतं. कौल पुसून टाकला तर उरतं ते सुभाषितांचं पुस्तक; या वचनांना धार आहे ती कुणीतरी अडलेल्या माणसानं विचारलं म्हणून.

मूळ पद्धतीत एका झुडपाच्या वाळक्या काड्या वापरतात. आपल्याला खराट्याच्या चालतात. घरच्यांना विचारून 50 हीर काढून घ्या, एकसारख्या लांबीच्या. एक बाजूला ठेवा, ती कधीच वापरायची नाही. उरलेल्या 49 चे न मोजता दोन ढीग. उजव्या ढिगातली एक काडी डाव्या हाताच्या करंगळीच्या बेचक्यात. डावा ढीग चार-चार करून मोजा, शेवटी एक ते चार काड्या उरतील त्या बोटांत धरा. उजव्याचंही तसंच. हातातल्या सगळ्या मिळून 5 किंवा 9 भरतील. त्या बाजूला ठेवून उरलेल्यांवर हाच प्रकार आणखी दोनदा. त्या वेळी हातात 4 किंवा 8 येतात. शेवटी चटईवर 36, 32, 28 किंवा 24 काड्या राहतात. चारनं भागा: 9, 8, 7 किंवा 6. ही झाली एक रेघ. 7 आणि 9 अखंड, 8 आणि 6 तुटक. 9 आणि 6 या बदलत्या, म्हणजे उलट व्हायच्या बेतात असलेल्या. सहा रेघांना अठरा फेऱ्या.

अभियंत्याला यातली गंमत आकड्यांत दिसते. नाण्यांनी 6 आणि 9 यायची शक्यता सारखीच, आठात एक. काड्यांनी 9 ची सोळात तीन, 6 ची सोळात फक्त एक. 7 ची सोळात पाच, 8 ची सात. म्हणजे काड्यांच्या हिशेबात अखंड रेघ तुटायला जितकी तयार, तितकी तुटलेली सांधायला तयार नाही.

एकदाच विचारा. चौथ्या आकृतीचं वचन याबद्दल रोखठोक आहे: पहिल्यांदा विचारलं तर सांगतो, दोनदा-तीनदा विचारणं म्हणजे अनादर, मग सांगत नाही. एका मुहूर्तासाठी तीन ज्योतिषांकडं जाणाऱ्यांनी ही आकृती आधी वाचावी.

क्रम आणि काही सापळे

आकृत्या जोडीनं वाचा. छापील क्रमात दर दोन आकृत्यांची जोडी आहे: पहिली उलटी धरली की दुसरी मिळते. ज्या उलट्या धरूनही तशाच राहतात त्या आठ, त्यांची जोडी सगळ्या रेघा बदलून लावली आहे. एकूण 32 जोड्या. आठवड्याला एक घेतलीत, तर मृगाला सुरुवात करून संक्रांतीच्या सुमारास 64 व्या आकृतीवर येता. नागपंचमी, गौरी-गणपती, दिवाळीच्या सुट्ट्या धरल्या तर शिमग्यापर्यंत. घाई कसली आहे.

जोडी उपयोगाची, पण सबंध क्रमावर मोठं तत्त्वज्ञान रचू नका. अमक्यानंतर तमकी आकृती का येते, याचं स्पष्टीकरण देणारा एक भाग दहा पंखांत आहेच आणि तो वाचायला छान वाटतो. पण 1973 मध्ये मावांगद्वी इथल्या थडग्यात, जे इसवी सनापूर्वी 168 मध्ये बंद झालं होतं, रेशमावर लिहिलेला यिजिंग सापडला, आणि त्यात क्रम वेगळाच आहे. अर्ध्या आकृत्यांच्या हिशेबानं लावलेला, जोड्यांचा पत्ता नाही. त्या काळी हा ग्रंथ एकाहून जास्त तऱ्हेनं लावत होते, एवढं त्यावरून नक्की.

लायबनिझ या जर्मन गणितज्ञाचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. बुव्हे नावाच्या पाद्र्यानं 1701 मध्ये त्याला 64 आकृत्यांचा एक तक्ता पाठवला, आणि शून्य-एकच्या अंकपद्धतीवरच्या 1703 च्या लेखात त्यानं त्याचा उल्लेख केला. तो तक्ता अकराव्या शतकातल्या शाओ युंगच्या मांडणीचा, मूळ ग्रंथाचा नव्हे. संगणक चिनी लोकांनी तीन हजार वर्षांपूर्वी शोधला, असा निरोप व्हॉट्सॲपवर आला तर पुढं ढकलू नका.

आणि हे सगळं आपल्याकडं आधीच होतं, असंही म्हणू नका, निदान पहिलं वर्ष. यांग म्हणजे पुरुष, यिन म्हणजे प्रकृती, असं समीकरण मांडलं की सोपं वाटतं आणि वाचन थांबतं. वांग बी (226–249) अवघ्या तेविसाव्या वर्षी गेला, पण त्यानं एक मोलाचं सांगून ठेवलं: अर्थ बळकटपणाचा असेल तर तिथं घोडाच कशाला पाहिजे? आकाशाला घोडा, पृथ्वीला गाय अशी चिन्हं लावून त्यांतच अडकणाऱ्यांवर त्याचा राग होता. चिन्हातून अर्थ मिळाला की चिन्ह सोडा, म्हणायचा. पुरुष-प्रकृती लावणारे चिन्ह सोडत नाहीत, दुसरं चिन्ह आणून बसवतात.

दोघं-तिघं मिळून वाचणार असाल तर पत्रिका, कोर्टातली तारीख आणि मुलाचं ॲडमिशन हे विषय पहिल्या बैठकीतच बंद करा. नाहीतर चौथ्या आठवड्याला खोलीत रांग लागते.

60 वी झाली की 47 आणि 48 ही जोडी घ्या. 48 वी विहिरीची: गाव हलवता येतं, विहीर हलवता येत नाही. वाचण्याआधी एकदा पन्हाळ्याला अंधारबावीत उतरून या. तीन मजली बांधकाम, तळाशी पाणी. मग सहा रेघा लावा. पहिलीत चिखल, कुणी पीत नाही. दुसरीत घागर फुटकी. चौथीत विहिरीला आतून दगड-विटा लावण्याचं काम चाललंय, दोष नाही. पाचवीत थंड, निर्मळ झरा. सहावीत विहिरीला झाकण घालत नाहीत, परम शुभ. तिसरीत विहीर उपसून स्वच्छ केली आहे आणि तरी कुणी तिचं पाणी पीत नाही. तिच्या ‘अट’ रकान्यात काय भरायचं ते मी सांगत नाही. सरकारी खात्यात निम्मी नोकरी झालेल्या कुणालाही विचारा.